नाव ठेवणारे आणि खेळणारे

२०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अधिवेशन मुंबईस भरले होते. १६ ऑक्टोबर रोजी त्या अधिवेशनाने २०२८ च्या लॉस एंजेलिस येथील सामन्यांत पाच खेळांची भर घालण्याचे ठरविले. त्यांत क्रिकेट होते. मग काय विचारता! दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत जिकडे तिकडे क्रिकेट. १९०० साली पॅरिसला एकदाच झालेले क्रिकेट पुन्हा येणार म्हणून आनंदीआनंद. उरलेल्या चार खेळांची नावे बातमीच्या शेपटाला होती : बेसबॉल-सॉफ्टबॉल, फ्लॅग फुटबॉल, स्क्वॉश आणि लाक्रॉस.

संघटनेच्या कचेरीत सकाळच्या चहाबरोबर वर्तमानपत्र मोठ्याने वाचण्याची आमची जुनी चाल आहे. त्या दिवशी एका सहकाऱ्याने मध्येच विचारले, "दादा, हे लाक्रॉस काय असतंय? क्रॉस म्हणजे चर्चवरचा क्रूस का?" आम्हाला सांगता येईना. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काय झाले ते वाचनालयाच्या बाकावर, आणि तेही पाळी संपल्यावर. परंतु विचारणाऱ्याला नुसते 'माहीत नाही' म्हणून परत पाठवायचे नाही, 'बघून सांगतो' म्हणायचे, अशी सवय आम्ही लावून घेतली आहे. कामगार-कायद्यातली कलमे आम्ही अशीच शिकलो. तेव्हा लाक्रॉसचाही शोध घेतला. तो घेता घेता आम्ही अमेरिकेच्या अरण्यातून निघून पुण्याची छावणी व मुंबईचे गिरणगाव करीत याच कोयनानगरच्या मैदानावर परत आलो. तो प्रवास श्रोत्यांपुढे मांडावा, एवढाच आजचा उद्देश आहे.

प्रथम खेळ कसा ते सांगितले पाहिजे. प्रत्येक गड्याच्या हातात एक लांब काठी असते. तिच्या टोकाला विणलेली जाळी, म्हणजे झेल्यासारखी झोळी. चेंडूला हात लावायचा नाही. तो झोळीत झेलायचा, झोळीत खेळवीत पळायचे, झोळीनेच दुसऱ्याकडे फेकायचा आणि अखेर समोरच्याच्या गोलात घालायचा. मोठ्या मैदानावरच्या सामन्यात बाजूला दहा गडी असतात, ऑलिंपिकसाठी सहा-सहांचा आटोपशीर प्रकार घेतला आहे. धक्काबुक्की भरपूर. पाहणाऱ्याला हॉकी आणि कुस्ती एकाच वेळी चालल्याचा भास व्हावा.

हा खेळ उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा. गोरा माणूस तेथे पाऊल टाकण्यापूर्वी कितीतरी पिढ्या तो चालत आला होता. सेंट लॉरेन्स नदी आणि पंचमहासरोवरे यांच्या आसपास मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायुगा, सेनेका अशी राष्ट्रे राहत. पुढे त्यांत टस्करोरा मिळाले आणि सहा राष्ट्रांचा संघ झाला. ते स्वतःला होडेनोशोनी, म्हणजे लांब घरात राहणारे लोक म्हणवितात. जगाला मात्र ते इरोक्वॉय या नावानेच माहीत, आणि हे नाव त्यांनी स्वतः घेतलेले नव्हे. त्या खेळात गावेच्या गावे उतरत, शेकडो माणसे एकदम खेळत आणि दिवस दिवस सामना चाले. विधात्याला हा खेळ आवडतो आणि तो खेळला की आजारी माणसाला उतार पडतो, अशी त्यांची श्रद्धा. आपल्याकडे देवापुढे गजी नाचतात, तसाच काहीसा भाव.

आता नावाकडे वळू. ज्यां द ब्रेबफ नावाचा फ्रेंच जेझुइट धर्मोपदेशक वेंडाट लोकांत राहत होता. (त्यांना फ्रेंच लोक हुरॉन म्हणत. तेही फ्रेंचांनीच दिलेले नाव.) १६३६ सालच्या वृत्तांतात त्याने लिहिले आहे की, कोणी आजारी पडला की येथला वैदू 'क्रॉस' खेळायला सांगतो आणि मग सगळा मुलूख खेळायला उतरतो. ब्रेबफला हे अर्थातच पसंत नव्हते. त्याच्या लेखी तो वैदू म्हणजे भोंदू. मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' या दोन गोष्टींत एका मात्रेचेच अंतर आहे. या धर्मोपदेशकाने खेळाला नाव ठेवले आणि खेळणाऱ्यांना नावे ठेवली.

'क्रॉस' म्हणजे काय? येथे आमच्या सहकाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर येते. त्याचा चर्चवरच्या क्रूसाशी संबंध नाही. क्रूसाला फ्रेंचमध्ये 'क्र्वा' म्हणतात. 'क्रॉस' म्हणजे टोकाला वाकलेली काठी. 'ला' हे फ्रेंच भाषेत नामाच्या आधी लागणारे उपपद. इंग्रजीने ते नामाला चिकटवून टाकले आणि 'लाक्रॉस' असा एकच शब्द केला. पुष्कळ पुस्तकांत एक गोष्ट सांगितलेली असते. ब्रेबफला ती काठी पाहून बिशपच्या हातातला वाकड्या टोकाचा दंड आठवला, म्हणून त्याने हे नाव दिले. बिशपच्या दंडालाही फ्रेंचमध्ये क्रॉसच म्हणतात, हे खरे. गोष्ट ऐकायला गोड आहे. आम्हाला मात्र ती पटत नाही. वाकड्या काठीने चेंडू मारण्याचा खेळ फ्रान्समध्ये खेडोपाडी आधीपासून खेळत, आणि त्याला 'क्रॉस खेळणे' असेच म्हणत. गावाकडचा माणूस परमुलखात गेला आणि तेथे पोरे काठीने काहीतरी टोलविताना दिसली, तर तो 'अरे, हे तर विटीदांडू खेळतायत' असेच म्हणणार. त्याला शंकराचार्यांचा दंड आठवणार नाही. सामान्य माणसाच्या शब्दाला साधे मूळ असले की विद्वानांना ते पुरत नाही, त्याला धर्मपीठाचे मूळ लावल्याखेरीज चैन पडत नाही.

पण दंड घ्या की काठी घ्या, दोन्ही अर्थ मैदानाच्या कडेला उभ्या राहिलेल्या माणसाचे. आत जे खेळत होते त्यांचे शब्द निराळे होते. मोहॉक लोकांचा शब्द 'तेवाराथोन'. ओजिब्वे लोक 'बागाअडोवे' म्हणत. दक्षिणेकडचे चॉक्टॉ लोक दोन हातांत दोन काठ्या घेऊन खेळत, ते त्याला 'इश्ताबोली' म्हणत. दक्षिणेकडच्या राष्ट्रांत त्याला 'लढाईचा धाकटा भाऊ' अशा अर्थाचेही नाव होते. ते नाव १७६३ च्या जून महिन्यात अक्षरशः खरे झाले. मिशिलिमाकिनाक येथील इंग्रजांच्या कोटाबाहेर ओजिब्वे आणि सॉक यांचा सामना रंगला होता, शिपाई गंमत पाहत उभे होते. चेंडू कोटाकडे उडाला, खेळाडू त्याच्यामागे धावले आणि बायकांनी अंगावरच्या वस्त्रांखाली लपविलेली शस्त्रे त्यांच्या हाती दिली. कोट पडला.

खेळाचे नाव एकदा कागदावर चढले की पाठोपाठ नियमही कागदावर चढतात. माँट्रियल शहरी जॉर्ज बिअर्स नावाचा दातांचा डॉक्टर होता. १८६० साली त्याने लाक्रॉसवर पुस्तिका काढली आणि १८६७ साली, कॅनडाचे संघराज्य जन्माला आले त्याच वर्षी, खेळाची नियमावली मान्य करून घेतली. मैदानाची लांबी ठरली, बाजूला बारा गडी ठरले, रबराचा चेंडू आला. माणूस उत्साही आणि व्यवस्थित होता, यात शंका नाही. मात्र त्याच्या नियमांत एक कलम असे होते की, आधी तसे ठरलेले असल्याखेरीज गोऱ्यांच्या क्लबाच्या बाजूने इंडियन माणसाने सामन्यात खेळू नये. ज्यांचा खेळ त्यांना खेळायला दुसऱ्याची संमती!

पुढे १८८० साली याहून सफाईदार युक्ती झाली. कॅनडातल्या लाक्रॉस-संघाने फक्त हौशी खेळाडूंनाच जागा ठेवली. ज्याने खेळासाठी पैसा घेतला तो धंदेवाईक, त्याला बंदी. नियमात कोणाच्या जातीचा वा वर्णाचा उल्लेख नाही. पण माँट्रियलच्या वकिलाला आणि डॉक्टरला सामन्यासाठी परगावी जायचे तर स्वतःच्या खिशातून तिकीट काढता येई. काहनावाकेचा मोहॉक खेळाडू प्रवासखर्च घेतल्याशिवाय जाणार कसा? त्याने तो घेतला आणि तो धंदेवाईक ठरला. हौसेला मोल नाही म्हणतात. नसेल. पण हौसेला फुरसत लागते, आणि हातावर पोट असलेल्याला फुरसत म्हणजे बुडालेली मजुरी. ज्या लोकांना इंग्लंडला नेऊन १८७६ साली व्हिक्टोरिया राणीपुढे खेळविले, त्यांनाच चार वर्षांनी त्यांच्याच खेळाच्या स्पर्धेत दार बंद झाले.

१९०४ साली सेंट लुईच्या ऑलिंपिक सामन्यांत मोहॉकांचा एक संघ तिसरा आला. त्या संघातल्या खेळाडूंची नावे दप्तरी नोंदलेली आहेत. त्यांचे मराठी केले तर ती अशी होतात : सापखाऊ, अर्धचंद्र, चपटे लोखंड, तोंडावरचा पाऊस, साबणाला भ्यालेला माणूस. ही काही आईबापांनी ठेवलेली नावे नव्हेत. गंमत म्हणून कोणीतरी ती लिहिली आणि शंभर वर्षांवर काळ लोटला तरी तीच राहिली. ऑलिंपिकमध्ये तिसरा आलेला माणूस 'साबणाला भ्यालेला' म्हणून इतिहासात बसला आहे.

हे वाचले तेव्हा आम्हाला हसू आले नाही. त्याचे कारण घरचे आहे. आमचे वडील धरणाच्या कामावर साठच्या दशकात आले. पुढे ते एका ठेकेदाराकडे होते. त्याच्या हजेरीपटावर त्यांचे नाव एका अक्षराने चुकले होते. मुकादमाने ऐकले तसे लिहिले. वडिलांना अक्षर येत नव्हते, ते अंगठा उठवीत राहिले. काम सुटल्यावर फंडाच्या पैशासाठी अडीच वर्षे आम्ही हेलपाटे घातले. खिडकीपाशी वडील स्वतः उभे असत, आणि आतला माणूस कागदाकडे पाहून म्हणे, "हा माणूस तुम्ही नव्हे." आम्ही संघटनेत आलो त्याच्या मुळाशी ते एक अक्षर आहे. आजही कंत्राटी कामगार सभासद होण्यासाठी आला की आम्ही पहिली गोष्ट करतो ती म्हणजे त्याचे हजेरीपटावरचे नाव त्याच्याकडून वाचून घेतो.

कोणी म्हणेल, हे सारे दूरदेशीचे. तसे नाही. बॅडमिंटन हा खेळ आपल्या मुलांना ठाऊक आहे. फुलाचा टप्पा न पडू देता तो टोलवीत राहायचा, हा खेळ इंग्रज अंमलदार पुण्याच्या छावणीत खेळत आणि तेव्हा त्यास 'पूना' असेच म्हणत. १८७० च्या आसपासची ही गोष्ट. पुढे ते अंमलदार खेळ बरोबर घेऊन विलायतेस गेले. तेथे ब्यूफर्टच्या ड्यूकचा बॅडमिंटन हाउस नावाचा वाडा आहे, त्या वाड्याचे नाव खेळाला चिकटले. पुणे गेले आणि ड्यूकचा वाडा राहिला. पुणेकरांनी याबद्दल अजून मोर्चा कसा काढला नाही, याचे आम्हाला नवल वाटते.

आता आपल्या स्वतःच्या खेळाकडे येतो. आमच्या लहानपणी या वसाहतीत दोनच खेळ होते, कारण दोहोंना पैसा लागत नसे : विटीदांडू आणि हुतूतू. विटीदांडूत आम्ही 'वकट, लेंड, मूंड, नाल' असे मोजत असू. ते कोठून आले हे कोणाला ठाऊक नव्हते, विटीदांडूचे आकडे असेच असतात एवढेच ठाऊक. दगडाच्या कामावर वडार मंडळी होती. एकदा त्यांच्यातली एक बाई दगडांच्या पाट्या मोजताना आम्ही ऐकली आणि चकित होऊन उभे राहिलो. ती आमचा विटीदांडू मोजत होती! तेलुगूत ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु म्हणजे एक, दोन, तीन, चार. वडारांची बोली तेलुगूच्या घरची. कोणत्या शतकात कोणत्या पोरांनी कोणाकडून ते आकडे घेतले, याची नोंद कोणी केली नाही. ते पोरांच्या तोंडी राहिले. आम्हाला हा इतिहास ताम्रपटाइतकाच पक्का वाटतो.

हुतूतूचे तसेच आहे. तुकोबांच्या गाथेत हमामा, हुतूतू, टिपरी, फुगडी अशा खेळांवर अभंग आहेत, म्हणजे हे नाव निदान साडेतीनशे वर्षे तरी मराठी माणसाच्या तोंडी आहे. बंगालमध्ये याच खेळाला हाडुडु म्हणत, तामिळ मुलखात सडुगुडु, तेलुगू मुलखात चेडुगुडु. हे शब्द एकदा मोठ्याने म्हणून पाहावेत. हुतूतू, हाडुडु, सडुगुडु, चेडुगुडु. यांना कोशात अर्थ शोधायला जाणे व्यर्थ आहे. चढाई करणारा गडी शत्रूच्या अंगणात शिरताना जो दम धरतो, त्या दमाचा हा आवाज आहे. श्वास सोडला नाही याचा पुरावा म्हणून तो सतत काहीतरी म्हणत राहतो, आणि जे म्हणतो तेच खेळाचे नाव.

लाक्रॉसमध्ये आणि आपल्या खेळात फरक आहे तो येथे. लाक्रॉसचे नाव कडेला उभ्या राहिलेल्या परक्याने दिले. हुतूतूचे नाव प्रत्येक चढाईला प्रत्येक गडी नव्याने देत होता, आणि तेही जीव मुठीत धरून.

मग हुतूतूची कबड्डी कशी झाली? कबड्डी हा शब्दही कोठल्यातरी प्रांतातल्या गड्याच्या दमातूनच आलेला असावा. तामिळ भाषेत 'कै' म्हणजे हात आणि 'पिडी' म्हणजे धरणे, त्यावरून तो झाला, असे पुष्कळ लोक सांगतात. सांगोत बापडे. बिशपच्या दंडासारखीच ही गोष्टही जरा जास्त नीटनेटकी वाटते.

खेळाला नियमांत बसविण्याचे काम मात्र महाराष्ट्राने केले, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. १९१८ च्या सुमारास नियम ठरू लागले आणि १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने त्या नियमांवर अखिल भारतीय सामने भरविले. त्यापूर्वी गावोगाव पद्धत वेगळी होती. कोठे 'संजीवनी' चाले, म्हणजे आपला एक गडी बाद झाला आणि पुढे समोरचा एक बाद केला, की आपला जिवंत होऊन परत यायचा. कोठे 'गामिनी', म्हणजे बाद झालेला सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच. कोठे 'अमर', म्हणजे कोणी बाहेर जातच नाही, फक्त गुण मोजायचे. शेवटी टिकली ती संजीवनी. आमच्या मते योग्य तेच टिकले. एक पडला तर उरलेल्यांनी झुंजून त्याला परत आणायचे, हा नियम ज्याने काढला त्याला संघटना म्हणजे काय ते कळले होते.

१९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ परदेशी लोकांना करून दाखविले, त्यांत हा खेळ होता. १९३८ साली कलकत्त्याच्या राष्ट्रीय सामन्यांत तो आला. १९५० साली अखिल भारतीय फेडरेशन स्थापन झाले, ते कबड्डीच्या नावाने. १९५२ साली मद्रासला राष्ट्रीय स्पर्धा झाल्या. 'बुवा' म्हणून सर्वांना माहीत असलेले शंकरराव साळवी यांनी तर आयुष्यच या खेळाला वाहिले, त्यांचा जन्मदिवस १५ जुलै हा कबड्डी दिन म्हणून पाळतात. १९९० साली बीजिंगच्या आशियाई सामन्यांत कबड्डी गेली. ऑलिंपिकमध्ये ती अद्याप गेलेली नाही.

एक नाव घेतल्याशिवाय एक खेळ झाला नसता, हे आम्ही मान्य करतो. बंगाली गडी हाडुडु म्हणतो, मराठी हुतूतू म्हणतो आणि पंच मद्रासचा, तर दम तुटला की नाही हे त्याने ठरवायचे कसे? शिवाय हा निर्णय आपल्याच माणसांनी बैठकीत बसून घेतला, नावापायी कोणाला मैदानाबाहेर काढले नाही. लाक्रॉसशी त्याची बरोबरी करणे अन्याय होईल. तथापि नियमात एक कलम आले, चढाई करणाऱ्याने 'कबड्डी' हाच शब्द स्पष्ट म्हटला पाहिजे. दुसरे काही म्हटले तर चढाई रद्द आणि गुण समोरच्याला. म्हणजे खेळाचे नाव पाटीवर बदलले एवढेच नव्हे, ते गड्याच्या छातीतही बदलले.

आणि ही छाती कोणाची होती? मुंबईत हा खेळ वाढला तो परळ, लालबाग, डिलाईल रोड, नायगाव या गिरण्यांच्या वस्तीत. पाटण, जावळी, महाड, चिपळूण येथून माणसे गिरणीत गेली, एकेका खोलीत वीस-वीस जण पाळीपाळीने झोपली. अशा माणसाला क्रिकेटची बॅट कोठून परवडणार? हुतूतूला चुन्याची रेघ पुरते. चाळींच्या मधल्या जागेत, गॅसबत्तीच्या आणि पुढे विजेच्या उजेडात सामने होत. ना. म. जोशी मार्गावरच्या श्रमिक जिमखान्याचे नावच पाहा. रस्ता कामगार-पुढाऱ्याच्या नावाचा, जिमखाना श्रमिकांचा. १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याण मंडळ आले, त्याच्या कबड्डी स्पर्धांतून गिरण्या-कारखान्यांचे संघ एकमेकांशी झुंजले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसे बाहेर पडली, त्यांतली कितीतरी पुन्हा आत गेलीच नाहीत. आमच्या खोऱ्यात परत आलेल्यांपैकी काहींनी मुंबईहून आणलेले सामान म्हणजे एक ट्रंक, एक भिंतीवरचे घड्याळ आणि संघाची बनियन.

येथे पुन्हा 'हौशी' हा शब्द आडवा येतो. १९७२ सालच्या नव्या फेडरेशनने तो आपल्या नावातच घेतला : ॲमेच्युअर कबड्डी फेडरेशन. कॅनडात तो शब्द ज्या हेतूने वापरला तो येथे नव्हता, हे उघड आहे. उलट रेल्वेने, बँकांनी, पोलिसांनी चांगल्या खेळाडूंना नोकऱ्या दिल्या आणि कितीतरी घरे उभी राहिली. पण नोकरीत कायम नसलेल्याचे काय? एका कारखान्याच्या संघातून खेळताना आमच्या एका कंत्राटी सभासदाचा गुडघा गेला. बनियनवर कारखान्याचे नाव होते. चषक कारखान्याच्या कपाटात गेला. भरपाई मागितली तेव्हा उत्तर आले की, खेळ हौसेचा होता, कामाचा नव्हता. त्याचे एकवीस दिवसांचे खाडे धरले. ते खाडे आम्ही भांडून सोडविले, गुडघा मात्र परत मिळाला नाही. २०१४ पासून प्रो कबड्डीचे सामने सुरू झाले आणि खेळाडूंना भरपूर पैसा मिळू लागला. फार चांगले झाले. फक्त त्या खरेदीला 'लिलाव' म्हणतात, तो शब्द आमच्या कानाला टोचतो. बैलाचा लिलाव होतो, माणसाशी करार होतो.

मुंबईच्या त्या अधिवेशनातून निघालेला एक प्रश्न सांगायचा राहिला. होडेनोशोनी लोकांनी १९८३ साली आपला स्वतःचा राष्ट्रीय संघ उभारला. १९९० पासून तो जागतिक स्पर्धांत आपल्या निशाणाखाली खेळतो. २०१० साली इंग्लंडातल्या मँचेस्टरला स्पर्धा होती. हे लोक अमेरिकेचे वा कॅनडाचे पारपत्र घेत नाहीत, स्वतःच्या राष्ट्रसंघाचे घेतात. ब्रिटनने ते मानले नाही. खेळाडू न्यूयॉर्कमध्ये अडकून पडले आणि त्यांच्याच खेळाची स्पर्धा त्यांच्याविना पार पडली. दुसऱ्याचे पारपत्र घेतले असते तर जाता आले असते. त्यांनी ते घेतले नाही. २०२३ साली लाक्रॉस ऑलिंपिकमध्ये आले, तसा तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. ऑलिंपिकमध्ये संघ उतरवितात त्या मान्यताप्राप्त राष्ट्रीय ऑलिंपिक समित्या, आणि होडेनोशोनींची अशी समिती मान्य झालेली नाही. ज्या दिवशी मुंबईत या खेळाच्या नावापुढे हात वर झाले, त्या दिवशी तो खेळ ज्यांचा, त्यांना जागा ठरली नव्हती. आणि आपण सारे क्रिकेटचा आनंद मानीत होतो. आम्हीही.

तेवाराथोन हा शब्द मात्र मेलेला नाही. अमेरिकेतल्या महाविद्यालयांतल्या सर्वोत्तम लाक्रॉस खेळाडूला २००१ पासून जे पारितोषिक देतात, त्याला मोहॉक वडीलधाऱ्यांच्या संमतीने तेच नाव दिले आहे.

हुतूतू हा शब्द आम्ही मैदानावर शेवटचा ऐकला तो पंचाऐंशीच्या सुमारास. येथेच, वसाहतीच्या मैदानात, सामने होते. धरणाच्या कामावरचा एक जुना गडी, वय पंचेचाळिशीच्या पुढे, पोरांच्या आग्रहाने उतरला. धोतराचा काचा मारून तो रेघेवर आला, जमिनीला हात लावून कपाळाला लावला आणि आत शिरला, "हुतूतूतूतू" करीत. पंचाची शिट्टी झाली. नियम बरोबर होता, पंचही चांगला होता, साताऱ्याहून मुद्दाम बोलाविलेला. गुण समोरच्याला गेला. म्हातारा काही बोलला नाही. पुढच्या चढाईला तो "कबड्डी, कबड्डी" म्हणत गेला, दोघांना शिवला आणि मागे वळला. तेवढ्यात तिघांनी त्याला घोट्याला धरले. रेघ हातभर दूर होती. मातीत तोंड खुपसून तो रेघेकडे सरकत होता, आणि आम्ही पोरे रेघेला टेकून बसलो होतो म्हणून आम्हाला ऐकू आले, त्याच्या तोंडून आता कबड्डी येत नव्हते. पंच पलीकडच्या बाजूला होता. बोट रेघेला लागले तेव्हा त्याने हात वर करून गुण दिले.